तोंड माझं, पैसा माझा. मग दवाखाना कुणाचा?



दर २० मार्चला आम्ही चार-पाच जणी चवदार तळ्याच्या जवळ एक टेबल टाकून बसतो. आजूबाजूला पुस्तकांचे स्टॉल, कॅलेंडरं, बाबासाहेबांच्या मूर्ती, पलीकडे भोजनदानाची रांग. आमच्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि तोंडात बघायला एक बॅटरी. कुणी विदर्भातून आलेलं असतं, कुणी मराठवाड्यातून, रात्रभर गाडीत अवघडून बसलेलं. रक्तदाबासाठी सगळे हात पुढे करतात. ‘जरा तोंड उघडा’ म्हटलं की निम्मी माणसं हसून पुढे सरकतात.

यंदा एक पोरगा सरकला नाही. पंचविशीचा असेल. पोलादपूरकडच्या एका बौद्धवाडीतला, महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. टेबलासमोर उभा राहून त्याने सिगारेट पेटवली. शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन सावलीला बसली होती. मी म्हटलं, “दादा, जरा बाजूला जाऊन ओढ. बाळ आहे इथे.”

तो चिडला नाही. हसतच म्हणाला, “ताई, याच तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मिळवून दिला ना? काय प्यायचं ते दुसऱ्याने सांगायचं नाही, म्हणूनच ना? मग मी काय ओढायचं ते तुम्ही कशाला सांगता? तोंड माझं, पैसा माझा.”

भोवतीची पोरं हसली. एक म्हातारे बाबा म्हणाले, “बाय, दे त्याच्या मुस्काटात एक.” मी दिली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उत्तरच सुचलं नाही. वीस वर्षं नर्सिंग केलं, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते, तंबाखूवर शंभर वेळा बोलले असेन. पण या प्रश्नावर अडले. तेव्हापासून तो डोक्यात आहे. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. आपण काय खावं, काय ल्यावं, कुठलं पाणी प्यावं हे इतरांनी ठरवलं, ते किती पिढ्या सोसलं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? आजही ते संपलेलं नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला तेव्हा मांस नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरला. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली. माणूस आपल्या घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये, हा त्यामागचा विचार होता. तो मला पटतो. मग विडी-तंबाखूच्या बाबतीत मीच डोकावणारी झाले तर कसं चालेल? ‘आरोग्यासाठी’ एवढं म्हटलं की सगळं माफ होतं का?

होत नाही. हे मला एका बाईने शिकवलं.

मी तेव्हा एका सरकारी दवाखान्यात होते. सहाव्या महिन्यातली एक बाई तपासणीला आली. अंगात रक्त कमी, वजन कमी. चोळीतून मशेरीची डबी डोकावत होती. त्या दिवशी बाकावर दहा-बारा जणी बसल्या होत्या. मी डबी काढून घेतली, ‘पोटातल्या लेकराला विष घालतेस का’ असं मोठ्याने म्हटलं आणि डबी कचऱ्याच्या बादलीत टाकली. मला वाटलं, चांगलं काम केलं. ती बाई परत तपासणीला आली नाही. सातव्याला नाही, आठव्याला नाही. ऐन पावसात घरी बाळंत झाली. मूल जगलं, पण अगदी किरकोळ. तीनेक वर्षांनी पोलादपूरच्या बाजारात ती दिसली. मीच थांबवलं. ती म्हणाली, “सिस्टर, डबी दोन रुपयांची होती गो. पन चार बायांदेखत टाकलात.”

मशेरी तिच्यासाठी वाईट होतीच, त्यात शंका नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायांमध्ये मशेरीवाल्याच जास्त होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सहा दिवस आधी झालं. आधीच दोन-सव्वादोन किलोचं मूल असेल तर शंभर ग्रॅम काय असतात ते ज्या बाईने असं मूल कापसात गुंडाळून सांभाळलंय तिला विचारा. माझी माहिती बरोबर होती. वागणं चुकलं. आणि त्या चुकीची किंमत मी नाही, तिने आणि तिच्या बाळाने मोजली.

मशेरीवर मी कुठल्या तोंडाने बोलते, तेही सांगून टाकते. मी स्वतः बाराव्या वर्षापासून मशेरी लावायचे. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, खलात कुटायची, डबीत भरायची. तो भाजल्याचा वास आला की डोकं कसं हलकं व्हायचं! सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढ ठणकते, असं आम्ही सगळ्याच म्हणायचो. लावणीला वाकलेल्या बायकांना दुपारपर्यंत भूक लागत नाही, हे त्यातलं खरं कारण. तंबाखूने भूक मरते. घरात भाकरी कमी असली की डबी उपयोगाला येते. नर्सिंगच्या हॉस्टेलवर गेले आणि पहिला आठवडा मला घाम, चिडचिड, रडू. मला वाटलं घरची आठवण येतेय. तो निकोटिनचा हिसका होता, हे पुस्तकात वाचल्यावर कळलं. तेव्हा प्रश्न पडला, मी ही मशेरी कधी ‘निवडली’ होती? बारा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं?

म्हणून ‘पैसा माझा’ हे मला समजतं, ‘मर्जी माझी’ इथे मात्र मी थांबते. निकोटिन मेंदूत पोचायला काही सेकंद लागतात. थोड्या दिवसांत मेंदू त्याची वाट बघायला लागतो. नाही मिळालं की हात थरथरतात, डोकं धरतं, माणूस बायको-पोरांवर खेकसतो. एक ओढली की शांत. ती शांतता म्हणजे सुख नव्हे, आधीच्या विडीने लावलेलं दुखणं पुढच्या विडीने तासाभरापुरतं थांबवलेलं असतं. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरण्याआधी ज्याचा हात बंडलाकडे जातो, त्याला मी विचारते, ‘उद्या एक दिवस नाही ओढली तर?’ त्याचं तोंड उतरतं. तुझीच मर्जी असेल तर एक दिवसाची सुट्टी का मिळत नाही, बाबा?

वर्षावासात ग्रंथवाचनाच्या वेळी पुरुष मंडळी मला हटकून एक सांगतात: पाचव्या शीलात दारू आहे, तंबाखू नाही. बरोबर आहे. तथागतांच्या काळी या देशात तंबाखू नव्हतीच. ती पोर्तुगीजांबरोबर दोन हजार वर्षांनी आली. पण ते शील नुसती यादी देऊन थांबत नाही, ते बेसावध करणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. याच्यापुढे मी वाद घालत नाही. शीलाची भीती घालून विडी सुटत नाही, फक्त विहाराच्या मागे जाऊन ओढली जाते. पुष्कळ पाहिलंय.

आता विडीचं बोलते, कारण विडीशी आपलं नातं दुहेरी आहे. आपण रोज तोंडभरून ‘जयभीम’ म्हणतो, ते अभिवादन रूढ करणारे म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. विडी वळणाऱ्या हातांना मजुरी मिळेना, कारखानदार माल खोटा म्हणून बाजूला काढून पैसे कापायचे. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत क्षयाने गेले. जेमतेम पस्तीस वर्षांचे होते. विडी वळणारे आपले, ओढणारे आपले आणि खोकणारेही आपलेच. नफा तेवढा दुसऱ्याचा. त्यामुळे ‘विडी बंद करा’ असं एका वाक्यात म्हणताना माझी जीभ अडखळते. वळणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देणार ते आधी सांगा, असं तिने विचारलं तर तो तिचा हक्क आहे.

पण विडी साधी, गरिबाची, पानाची, म्हणून कमी वाईट, हा समज मात्र काढून टाका. देशभरातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी कमी होतं, विडी ओढणाऱ्या बाईचं ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं १० वर्षांनी. यात क्षय, दमा, हृदयविकार सगळं आलं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर जो जादा उपकर लागला तो विडीवर लागला नाही. गरिबाची विडी स्वस्त राहिली. याला गरिबांवर दया म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

माझे वडील विडीनेच गेले असं घरात म्हणतात. ते मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परत आले, मिळेल ती हमाली केली. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचा दम इतका वाढला की चार पावलं चालून ओट्यावर बसायचे. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्ण विडी ओढतो.’ वीस वर्षं त्यांनी कापसाच्या धुळीत श्वास घेतला, त्याबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं. धूळ आणि विडी दोन्ही मिळून छाती जास्त लवकर पोखरतात, हे खरं. पण दोष लिहिताना फक्त विडी लिहिली गेली, म्हणजे फक्त माझ्या बापाचा दोष. गिरणी सुटली. आज आपली पोरं रसायनांच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांना मी म्हणते, सिगारेट सोडण्याचं एक कारण हेही धरा. उद्या छातीचं दुखणं निघालं तर ‘हा तर ओढत होता’ असं म्हणायची सोय कुणाला देऊ नका.

खर्चाची गोष्ट आता. टीव्हीवर चर्चा चालते तेव्हा एक जण म्हणतो, सिगारेट ओढणारे कर भरतात, सरकारची तिजोरी त्यांच्यावर चालते. हिशेब उलटा आहे. २०१७-१८ साली ३५ वर्षांवरच्या माणसांच्या तंबाखूच्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशावर पडलेला बोजा १,७७,३४१ कोटी रुपये निघाला. तंबाखूवरच्या अबकारी करातून सरकारला १०० रुपये मिळतात तेव्हा समाजाचे ८१६ रुपये जातात. आणि त्यातला मोठा भाग औषधांचा नाही, वेळेआधी गेलेल्या माणसांचा आहे.

याहून भयंकर हिशेब परदेशात मांडला गेला होता. २००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक देशाच्या सरकारसाठी एक अहवाल करून घेतला. त्यात म्हटलं होतं, ओढणारे लवकर मरतात, त्यामुळे त्यांचं पेन्शन आणि म्हातारपणाचा औषधोपचार वाचतो, सरकारचा फायदाच होतो. जगभर बोंब झाली, कंपनीला माफी मागावी लागली. पण मला तो अहवाल एका अर्थाने प्रामाणिक वाटतो. गिऱ्हाइकाच्या मरणाकडे कंपनी कशी बघते ते त्यात स्वच्छ लिहिलं गेलं.

आपल्या वाडीत कुणाला पेन्शन आहे? आपला हिशेब वेगळा. विहारात एकदा बायकांना घेऊन बसले आणि फळ्यावर मांडलं. धरा, घरधन्याच्या विडीकाडी-तंबाखूला दिवसाला ४० रुपये. वर्षाचे १४,६००. एक बाई म्हणाली, एवढ्यात पोरीचा कॉलेजचा पास, वह्या-पुस्तकं आणि पावसाआधी कौलं. दुसरी गप्प बसून होती. मग म्हणाली, “आमचा खर्च तर तो सोडल्यावर सुरू झाला.” तिच्या नवऱ्याला गालाचा कर्करोग होता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, त्याचे पैसे लागले नाहीत. पण महाडहून मुंबईला जायचं, सोबत एक माणूस, त्याची बुडालेली रोजी, राहायला पुतण्याची दहा बाय दहाची खोली, तिथे दोन महिने. ऑपरेशननंतर नवऱ्याला घास गिळता येईना, पेज गाळून द्यायची. तिने स्वतःचं काम सोडलं. मोठ्या मुलाने बारावी सोडली. यातलं काहीही कुठल्याच योजनेच्या कागदावर येत नाही. ‘पैसा माझा’ म्हणणारा पहिल्या चाळीस रुपयांपुरतं बोलत असतो. पुढचे सगळे पैसे दुसऱ्या कुणाचे तरी असतात, बहुतेक वेळा बायकोचे.

आणि धूर? तो तर विकत न घेणाऱ्यालाही मिळतो. जपानमध्ये हिरायामा नावाच्या डॉक्टरांनी स्वतः कधी न ओढलेल्या ९१,५४० बायांची चौदा वर्षं पाहणी केली. १९८१ साली निष्कर्ष छापला. ज्यांचे नवरे ओढायचे त्या बायांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त होतं, आणि नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला धोका जास्त. वाचताना मला आमच्या वस्तीतल्या खोल्या आठवल्या. एक दार, एक खिडकी, तीही पावसात बंद.

इथेच त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला सापडलं, आणि तेही तळ्यातच. चवदार तळ्याचा दावा कशावरून चालला ते आपण पोरांना नीट सांगत नाही. नुसतं ‘पाणी प्यायले’ एवढंच सांगतो. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला होता. १९२७ च्या सत्याग्रहानंतर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, तळं आमचं, खाजगी, आणि इतरांनी इथे पाणी भरायचं नाही अशी जुनी वहिवाट आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. म्हणजे भांडण हेच होतं की खाजगी काय आणि सगळ्यांचं काय. जे सगळ्यांचं आहे त्यावर एकाने ‘माझं’ म्हणून कुंपण घालायचं नाही, एवढ्यासाठी बाबासाहेब दहा वर्षं कोर्टात लढले.

तुझं तोंड खाजगी आहे, बाळा. तिथे मी बॅटरीसुद्धा तू म्हणशील तेव्हाच घालेन. पण तू सोडलेला धूर त्या तान्ह्या बाळाच्या नाकात गेला, ती हवा खाजगी नव्हती.

देशाचा कायदाही याच रेषेवर उभा आहे. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालयं, कचेऱ्या, कोर्टं, रेल्वे, बस अशा ठिकाणी ओढायला मनाई केली. आधार होता घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा: जो ओढत नाही त्याला दुसऱ्याच्या धुराने का मारायचं? ज्या घटनेच्या नावाने तू हक्क सांगतोस तीच ही घटना. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले, दंड दोनशे रुपयांपर्यंत. गंमत बघा, मोठ्या हॉटेलांना त्यात ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. आपल्या एका खोलीच्या घरात वेगळी जागा कुठून काढायची?

दंडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, काही कार्यकर्त्यांना ते आवडत नाही. एसटी स्टँडवर हमालाला दोनशे रुपये दंड केला की कारवाई झाली म्हणून फोटो येतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, त्या टपरीचा फोटो येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आपण काय करतो? ‘जा रे, बाबांना बंडल आण’ म्हणून सात वर्षांच्या पोराला पाठवतो. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. कारण सुटी घेतली की पाकिटावरचं ते सडलेल्या तोंडाचं चित्र दिसत नाही, आणि शाळकरी पोराला खाऊच्या पैशात एक परवडते. माझ्या वस्तीत अजूनही सुटी मिळते, मागाल तिथे.

गुटख्याचं तर पुराणच आहे. २००२ साली राज्याने बंदी घातली, २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती राज्याच्या अधिकारात बसत नाही म्हणून उडवली. मग २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली, ती वर्षागणिक वाढवतात. कंपन्यांनी काय केलं? पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी. गिऱ्हाईक दोन्ही घेतं आणि तोंडात एकत्र करतं. महाराष्ट्रात मुळात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे फार जास्त. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी ३.८ टक्के ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के चघळणारे किंवा लावणारे. बायकांमध्ये १६.६ टक्के. म्हणजे दर सहा बायांत एक. टीव्हीवरचा वाद सिगारेटचा, आपलं मरण पुडीचं आणि डबीचं.

म्हणून मी म्हणते, कायद्याचा हात विकणाऱ्याच्या मनगटावर असू दे, ओढणाऱ्याच्या खांद्यावर दवाखान्याचा हात असू दे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी बोलले, तेव्हा दारुड्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका असं त्यांनी सांगितलं होतं. (नर्स म्हणून मी कुणाला उपाशी ठेवायला सांगणार नाही, बाबासाहेब मला माफ करतील.) पण ते पोलिसांशी नाही, बायकांशी बोलले, हे मला महत्त्वाचं वाटतं. घराच्या आतली ताकद त्यांनी ओळखली होती.

आता कामाचं. आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर घाबरून घरी बसू नका, सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर खूप काही वाचवता येतं. सोडायचं ठरवलं तर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, हे आधीच माहीत असू द्या. तलफ येते ती चार-पाच मिनिटांनी ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, चालायला जा, बडीशेप चघळा. सरकारची मोफत मदतवाणी आहे, १८००-११-२३५६. निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, पण कसं चघळायचं ते विचारून घ्या, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एकदा सोडून परत सुरू झालं तर लाजू नका. बहुतेकांची विडी पहिल्या खेपेला सुटत नाही. माझी मशेरी तिसऱ्या खेपेला सुटली. आईची डबी अजून फडताळात आहे. मी ती फेकलेली नाही. आठवड्यातून किती दिवस उघडली ते ती आपणहून सांगते, कधीकधी खोटंही सांगते.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्याने सिगारेट विझवली, थोटूक खिशात ठेवलं आणि पोरांसमोर शायनिंग म्हणून तोंड उघडलं. तीन बोटं गेली नाहीत. दोन गेली, तिसरं अडलं. तो हसला, ‘बोटंच जाड आहेत’ म्हणाला आणि गर्दीत गेला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना दिसला, मला बघून मान फिरवली. मे महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “ताई, ते तीन बोटांचं... महाडला दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात?” मी वार सांगितला, येऊ का सोबत म्हणून विचारलं. नको म्हणाला. अजून गेलेला नाही. सोमवारी त्याची पहिली पाळी असते, दुपारी सुटला की फोन करणार आहे.